स्टॉकहोमचा कासराभर दिवस

व्याही, तुमच्या दहाव्याला मी लोकांना हसवलं. आधी त्याची माफी मागतो, मग पुढचं.

माईकवर सरपंच बोलले, मग दूध डेअरीचे कुणी बोलले, आणि मग पुकारलं, "आता कोंडिबांचे व्याही, भोरचे भाऊसाहेब, दोन शब्द बोलतील." दोन शब्द मला आयुष्यात कधी पुरलेले नाहीत. खिशात चिठ्ठी होती. तिच्यावर 'कष्टाळू, निगर्वी, वाडीचा आधारवड' असं सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं. आधारवडापाशी आलो आणि तुम्ही पुढ्यात बसून "कोन वो ह्यो आदारवड? आपल्यातला का?" असं विचारताय असं वाटायला लागलं. चिठ्ठी परत खिशात गेली आणि तोंडातून निघालं ते स्टॉकहोम. सूर्य मावळेना म्हणून दोन म्हातारे परक्या गावात पाण्याकाठी कसे अडकून पडले, ती गोष्ट. पानशेतच्या पाण्याच्या कडेला पांढऱ्या टोप्यांची रांग बसलेली. आधी एक टोपी हलली, मग शेजारची, मग सगळी रांगच. तुमची लेक, माझी सून सुवर्णासुद्धा ओढणी तोंडाला लावून हसली.

पण मी गोष्ट अर्धीच सांगितली. अर्धी सांगून हशा घ्यायचा आणि उरलेली गिळून टाकायची, हा माझा जुना धंदा. उरलेली अर्धी आपल्या दोघांनाच ठाऊक होती आणि तुम्ही तर वैरण टाकून आलात, चहा मागितलात आणि चहा यायच्या आत निघून गेलात. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तरी लिहायला बसलोच आहे, तर पहिल्यापासून लिहितो.

आपल्या दोघांच्या बायका सुवर्णाच्या बाळंतपणाला स्टॉकहोमला जाऊन आल्या होत्या. नात सहा महिन्यांची झाली तेव्हा माझ्या अभीने आपल्या दोघांची तिकिटं एकदम काढली. पोरांना वाटलं, दोघं बाप एकमेकांना सोबत होतील. लग्नाला पाच वर्षं झाली तरी आपण "या, बसा, चहा घ्या" याच्यापलीकडे एकमेकांशी बोललेलो नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. विमानात नऊ तास आपण खिडकीबाहेर बघत बसलो. माझी खिडकीही नव्हती, मधली जागा होती.

तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की माझी इंग्रजी तिथे कुणाला कळत नाही आणि तुमची मराठी सगळ्यांना कळते. जून महिना, आणि मी अभीचं जाकीट चढवून वर माकडटोपी घातलेली. तुम्ही धोतर, पांढरी टोपी आणि खांद्यावर घोंगडी. लोक तुमच्याकडे आदराने बघायचे, माझ्याकडे काळजीने.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुवर्णा म्हणाली, पाण्याकडेने फिरून या, सरळ वाट आहे, चुकायचं कामच नाही. कधी याल, असंही तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत तुम्ही सांगून मोकळे झालात की दिवस मावळायच्या आत येतो. बाळ रडत होतं, तिने हो म्हटलं. मोबाईल मी चार्जिंगला लावला होता, तो तिथेच विसरलो. नंतर अभीला मात्र मी सांगितलं की मुद्दामच नेला नाही, फिरायला जाताना कशाला ती ब्याद.

त्या गावात कुठूनही कुठेही निघालं तरी पाणी आडवं येतं. सगळी बेटंच. दगडी धक्का, धक्क्याला बांधलेल्या नावा, आणि कडेने चालायची वाट. तुम्ही पाण्याकडे बराच वेळ बघितलंत आणि निकाल दिलात, "आपल्या पानशेतावानीच की. फकस्त गाळपेराला जागा न्हाई ठिवली." पाणी ओसरलं की गाळात पेरायचं, हे ज्याच्या डोक्यात बसलंय त्याला तो बांधीव काठ म्हणजे वाया घालवलेली जमीनच दिसणार. खडकांवर बाया-बापे जेमतेम कपड्यांत उन्हाला पडले होते. मी मान खाली घालून चाललो, त्यामुळे दोनदा सायकलवाल्यांच्या वाटेत आलो आणि दोनदा ओरडा खाल्ला. तुम्ही सरळ बघितलंत आणि कळवळून म्हणालात की कातरलेल्या मेंढरांसारखी दिसतात बिचारी, गारठतील की.

परत कधी फिरायचं ते तुमचं ठरलेलं होतं. कासराभर दिवस उरला की. बैलाला लावायचा तो दोर, कासरा. सूर्य डोंगराच्या वर तेवढ्या अंतरावर आला की जनावरं वळवायची, म्हणजे दिवेलागणीला गोठ्यात पोचतात. तुमच्या वाडीवर हेच घड्याळ आणि ते तुम्हाला कधी चुकलेलं नव्हतं.

माझ्या मनगटावर तर खरंखुरं घड्याळ होतं. बघितलं तर बारा वाजलेले. समोर लख्ख ऊन. घड्याळ बंद पडलं, असा मी निष्कर्ष काढला. कानाला लावलं तर टिकटिक येत होती, तरी निष्कर्ष बदलला नाही. तहसील कचेरीत उभा जन्म गेला, एकदा मारलेला शेरा आम्ही फिरवत नाही. घरी फोन करायला बरं म्हणून मीच ते भोरच्या वेळेवर ठेवलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवलं.

सूर्य कासऱ्यावर आला तसे तुम्ही उठा म्हणालात. माझे पाय भरून आले होते. मी म्हटलं, जरा टेकू. बाकावर बसलो. बराच वेळ गेला. बघितलं तर अजून कासराभरच. मग आणखी बसलो. सूर्य खाली यायलाच तयार नव्हता, कडेकडेने तिरपा सरकत होता. "वैरन दिसलेल्या रेड्यावानी चाललाय बगा," तुम्ही म्हणालात, "खाली बगंना, आडवाच पळतुय." मी लगेच मास्तर झालो. सुवर्णाने दिलेलं सफरचंद खिशातून काढलं, ही पृथ्वी म्हटलं, ती जरा कललेली, असं कलतं धरून फिरवून दाखवलं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत, हात पुढे केलात आणि पृथ्वी खाऊन टाकलीत. तुमचं म्हणणं, हिथल्या देवाने कासराच लांब वळलाय. तो वाद आपला मिटला नाही. मी नंतर पुस्तकातलं चित्रही आणून दाखवलं, तर चित्र काढणारा कधी गुरांमागं गेला होता का, असं तुम्ही विचारलंत.

इथवर मी दहाव्याला सांगितलं. पुढचं हे.

देठ पाण्यात टाकून तुम्ही सहज म्हणालात, आमची सुवर्णा अशीच कासराभर दिवस असताना झाली. गुरं पाण्यावर आली होती. आणि मग हसत विचारलंत, "भाऊसाहेब, हितं जलमली आसती तर तुमच्या त्या गुरुजीनं कंचा टाईम धरला आसता वो?"

आणि मी म्हणालो, "कुठले गुरुजी?"

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी पचकलो आहे. मामलेदारांच्या निरोप समारंभात त्यांच्या बदलीचं खरं कारण मीच माईकवर सांगितलं होतं. पण त्या दोन शब्दांसारखं पचकलो नाही. तुम्ही हसायचं थांबलात. माझ्याकडे वळलात. "पत्रिका दावली ते गुरुजी," म्हणालात.

व्याही, गुरुजी नव्हतेच. पत्रिकाही नव्हती. हे तुम्हाला तिथे सांगितलं, तेच इथे लिहितो. अभीने सुवर्णाचं नाव काढलं तेव्हा मी मुलगी बघायला तुमच्या वाडीवर आलो होतो. एस्टी पानशेतपर्यंत, पुढे टेम्पो, पुढे पायी, आणि वर पोचल्यावर तुमच्या शेळीने माझ्या नव्या चपलेचा पट्टा खाल्ला. चप्पल सुतळीने बांधून मी डोंगर उतरलो. त्या चपलेमुळे माझं मन फिरलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होतो. चप्पल बिचारी निमित्त. भोरात आमच्या आळीत काय म्हणतील, कचेरीतल्या माणसाने वेल्ह्याच्या डोंगरातली शेळ्यांमागची पोर सून केली, याला मी घाबरलो होतो. पोर पुण्यात इंजिनियर झाली होती, माझ्या मुलापेक्षा पुढच्या नंबरात होती, ते मला दिसलंच नाही. अभीला तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती. तुम्हाला जन्मवेळ विचारली तेव्हा तुम्ही कासराभर दिवस म्हणालात. मी वहीत 'सायंकाळी ५.४०' लिहिलं, मनानेच. आणि आठ दिवसांनी निरोप धाडला की गुरुजींना पत्रिका दाखवली, मुलीला कडक मंगळ आहे, नवऱ्याच्या जिवाला धोका. वाटलं, गोष्ट गुपचूप मोडेल, कुणाला बोल नाही. मंगळ काही तक्रार घेऊन कचेरीत येणार नव्हता.

अभी हटला नाही. सुवर्णाही हटली नाही, पण ती घाबरली. तिनेच विचारलं, याला उतारा काय. मग शिवऱ्याच्या मंगल कार्यालयात, वऱ्हाड यायच्या आधी, तिचं लग्न एका मडक्याशी लावलं. मंगळाचा तडाखा मडक्यावर जावा आणि माझा मुलगा वाचावा, म्हणून. मी तिथे उभा होतो. अक्षता टाकल्या. पहिली मूठ माझीच होती. तेव्हापासून मंगळवारी ती अन्न खात नव्हती. तिथे स्टॉकहोमलाही नाही, बाळ अंगावर पीत असतानाही नाही. अभीची गाडी बर्फावर घसरली, त्याला खरचटलंही नाही, तर हिने त्या रात्री देवापुढे माफी मागितली.

एरवी मी गोष्ट रंगवून सांगतो. त्या बाकावर ही रंगली नाही. सांगून झाली तेव्हा तुम्ही घोंगडीची घडी घातलीत, ती बाकावर ठेवलीत आणि धक्क्याच्या अगदी काठाला जाऊन पाठमोरे उभे राहिलात. मी घोंगडीकडे बघत बसलो. परत आलात आणि म्हणालात, "तुमाला पान्यात ढकलून द्यावं वाटलं, भाऊसाहेब. पन घरी जाऊन पोरीला काय सांगू, तुजा सासरा कुठं ठिवला?"

मला हसू आलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही बसलात. बोललात ते माझ्याकडे न बघता.

"ती मडक्याम्होरं हुबी राहिली तवा म्या बगितलं न्हाई. भाईर टेम्पोच्या मागं जाऊन थांबलो. मला वाटलं, टाईम माजाच चुकला. गुरांच्या नादात पोरीचा टाईम धड बगितला न्हाई, म्हनून तिला ह्ये लागलं."

पाच वर्षं, व्याही. माझ्या खोट्याचा दोष पाच वर्षं तुम्ही स्वतःकडे घेऊन गुरांमागे हिंडत होतात आणि मी भोरात चौकात उभा राहून लोकांना किस्से सांगत होतो.

मी तुमच्या पायाशी वाकलो. तुम्ही खांद्याला धरून मला वर ओढलंत, जरा जोरातच. मला नको, तिला सांगा, म्हणालात. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की, तुमचं ती ऐकेल. तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्या सांगितलं तर म्हनंल, आबा माजी समजूत घालत्यात. गाठ तुमी मारली. तुमच्या हातानंच सुटंल."

कधी सांगू, मी विचारलं. जसं काही मुदतवाढीचा अर्जच करत होतो. तुम्ही समोर बोट केलंत. अजून कासराभर दिवस होता.

आणि तेवढ्यात ती आलीच. पाण्याकडेच्या त्या वाटेने पळत, केस सुटलेले, पायात घरातल्या सपाता. दहा वाजायला आले होते. अभी बाळाला घेऊन घरी थांबला होता आणि ही दीड तास प्रत्येक बाक तपासत निघाली होती. तुमच्या गळ्यात पडली. मग माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आज मंगळवार आहे. मला वाटलं माझ्यामुळेच काहीतरी…"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नुसतं बघितलंत.

आणि मी म्हणालो, "अगं, या तुमच्या सूर्याने फसवलं आम्हाला." ती रडता रडता हसली. मी पुढे घड्याळाचं सांगितलं, रेड्याचं सांगितलं, ती आणखी हसली. घर येईपर्यंत मी हसवत राहिलो. तुम्ही घोंगडी खांद्यावर टाकून चार पावलं मागून येत होतात. जगातला सगळ्यात लांब दिवस मला मिळाला होता आणि तो मला पुरला नाही.

तुमच्या जागी मी असतो तर घरी जाऊन सगळं सांगितलं असतं, वर भोरला पत्रही टाकलं असतं. तुम्ही बोलला नाहीत. त्यानंतर दोन वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी तुमचा फोन यायचा. "सांगितलं का?" "नाही अजून." "बरं." आणि मग गाय कशी व्याली, वाघरू कुठे दिसलं, हे सुरू. रागाचा एक शब्द नाही, टोमणा नाही. एस्टीबरोबर तुपाची बरणी यायची, करवंदांचा द्रोण यायचा. एकदा तर आमच्या हिचे गुडघे दुखतात म्हणून कसल्याशा पाल्याची गाठोडी घेऊन स्वतःच दारात उभे राहिलात आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी गप्पा मारत बसलात. ज्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं होतं, त्याच्या घरी. माझे मित्र पुष्कळ होते, माझे किस्से ऐकणारे. माझ्या किश्श्याच्या मागे काय आहे ते ठाऊक असून माझ्याशेजारी बसणारे तुम्ही एकटेच. हे तुम्हाला एकदा म्हणायचं होतं. म्हणायला गेलो की नेमकी काहीतरी गंमत आठवायची.

दहाव्याला पिंड मांडला तेव्हा खरं सांगतो, मी कावळ्याच्या भरवशावर होतो. वाटलं, तो शिवणार नाही. तास जाईल, दोन तास जातील, लोक हात जोडून एकेक कबूल करतील, शेळ्या सांभाळू म्हणतील, म्हातारीला बघू म्हणतील, तरी तो फांदीवरून हलणार नाही. शेवटी मलाच पुढे होऊन चारचौघांत 'सांगतो' म्हणावं लागेल. तशी तयारी मी मनात केली होती. आणि तुमच्या कावळ्याने काय केलं? लोक मागे सरायच्या आत उतरला, भात उचलला आणि गेला. तुम्ही मला अडवून धरलं नाहीत. कबूल करून घेणं तुम्ही त्याही दिवशी केलं नाहीत.

मग मात्र मला राहवलं नाही. त्याच दुपारी सुवर्णा गोठ्याच्या दारात एकटी बसली होती, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. वही, ५.४०, नसलेले गुरुजी, सगळं. एकही गंमत मध्ये येऊ दिली नाही. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं.

"आबांना माहीत होतं?"

याची मी तयारी केली नव्हती. हो म्हणावं तर बापानेही दोन वर्षं लपवलं हे तिला आज, दहाव्याच्या दिवशी कळणार. नाही म्हणावं तर सोपं होतं, आणि खोटं मला चांगलं जमतं. जीभ वळलीही होती. पण तुम्ही ज्या खोट्यासाठी टेम्पोमागे उभे राहिलात त्याला आणखी एक जोडायचं, तेही तुमच्या नावावर, हे माझ्याच्याने झालं नाही. म्हटलं, हो. त्या दिवशी पाण्याकाठी कळलं त्यांना. तुला मीच सांगावं अशी त्यांची इच्छा होती. उशीर माझा आहे, त्यांचा नाही.

तिने गाईपुढे वैरणीची पेंढी सारली. मग म्हणाली, "दर मंगळवारी दुपारी आबांचा फोन यायचा. दुसरं काही नाही. जेवलीस का, एवढंच. मला वाटायचं वय झालं, मंगळवार असतो हे विसरतात."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं, व्याही. मला महिन्याने विचारत होतात आणि तिला दर आठवड्याला.

माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. "बाबा, आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाही." आणि उठून घरात गेली. तेराव्यानंतर ती परत गेली. निघताना आमच्या हिच्या पाया पडली, माझ्या पडली नाही. अभी गोंधळला, मी नाही. इतकी वर्षं ती स्वतःवर रागावत आली होती. तो राग आता माझ्याकडे आला, हे मला जड गेलं नाही. उलट कुणी ओझं उतरवून ज्याचं त्याच्या दारात ठेवावं तसं वाटलं.

काल मंगळवार होता. दुपारी चारच्या सुमाराला मोबाईल वाजला. सुवर्णाचं नाव दिसलं. मी उचलला.

"जेवले," ती म्हणाली. आणि फोन ठेवून दिला.

मी लगेच तुमचा नंबर काढला. बोट लावणार एवढ्यात आठवलं. मग आज कागद घेऊन बसलो. जेवली, व्याही.